मांजरासाठी हीटिंग, बाईसाठी स्वेटर

ब्रिटनमधल्या मराठी मंडळींत जानेवारीच्या सुमाराला एक वाद हमखास निघतो. यंदा तो संक्रांतीच्या हळदीकुंकवाला निघाला. घर साफ करायला आठवड्यातून एकदा येणाऱ्या क्लीनरने ‘मी येते तेव्हा हीटिंग चालू ठेवत जा’ असं म्हटलं, तर ते रास्त की आगाऊपणा? एकीचं म्हणणं, तासाला एवढे पाउंड मोजायचे आणि वर तिच्यासाठी गॅसही जाळायचा का? दुसरीचं, अगं, माणुसकी म्हणून काही आहे की नाही! तिळगूळ संपला, वाद होता तिथेच राहिला. तो तिथेच राहणार, कारण दोन्ही बाजू एकाच गोष्टीबद्दल बोलतात: घरमालकिणीचं मन. ते कोतं आहे की मोठं, एवढाच काय तो मतभेद. क्लीनर तिथे काय काम करते, कुठल्या वेळी करते आणि कशात करते, याची चौकशी कुणीच करत नाही. माझं मत असं की क्लीनरने उबदार घराची अपेक्षा जरूर धरावी, आणि ती उपकार म्हणून नव्हे तर कामाची अट म्हणून, दर आणि वेळ ठरवतानाच सांगून टाकावी. जेवढा वेळ ती त्या घरात राबते तेवढा वेळ ते घर तिचं कामाचं ठिकाण असतं. कामाच्या ठिकाणी किती थंडी असावी हे तिथल्या मालकाच्या स्वभावावर सोडायचं नसतं, हे आपण कचेरीच्या बाबतीत केव्हाच मान्य केलं आहे.

आधी ही थंडी कुठून येते ते पाहू. इथल्या बहुतेक घरांत हीटिंग टायमरवर असतं. सकाळी दोन-अडीच तास, मग थेट संध्याकाळी. मधल्या वेळात माणसं कामावर, मुलं शाळेत, बॉयलर गप्प. क्लीनर येते ती याच मधल्या वेळात. घर सगळ्यात गार असण्याची वेळ हीच तिच्या कामाची वेळ, आणि हा योगायोग नव्हे. घरात कुणी नसतं म्हणूनच तर तिला तेव्हा बोलावतात. नव्या बांधणीच्या फ्लॅटमध्ये सकाळची ऊब दुपारपर्यंत टिकते. पण व्हिक्टोरियन काळातल्या, एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या घरांचं काय? उंच छत, सांधे सैल झालेल्या खिडक्या, लाकडी तळातल्या फटींतून पायाला लागणारा वारा. अशा घरात बाथटबशी गुडघे टेकायचे, कमरेतून वाकून हात आत घालायचा आणि तळ घासायचा. रबरी हातमोज्यांच्या आत बोटं ओलसर होतात आणि जास्तच गार पडतात. कॉम्बी बॉयलर (टाकीशिवाय, लागेल तसं पाणी तापवणारा) असेल तर नळ सोडल्यावर थोड्या वेळाने गरम पाणी येतं. टाकी असलेल्या जुन्या घरात गरम पाणीही टायमरवर, म्हणजे अकरा वाजता बादलीत कोमटसुद्धा नाही. गार पाण्याने ओव्हनचा तेलकटपणा निघत नाही, नुसता पसरतो. पुसलेली फरशी तासभर ओली राहते, तिच्यावरून पुन्हा जायचं तर पावलं उमटतात. आणि संध्याकाळी मालकीण घरी आल्यावर म्हणते, या वेळी काम नीट झालेलं दिसत नाही.

आता विरोधी बाजू. तिचा पहिला मुद्दा खोटा नाही: सफाई हे अंगमेहनतीचं काम आहे, बसून टाइप करणाऱ्याला लागते तेवढी ऊब तिला लागत नाही. हूव्हर (व्हॅक्यूम क्लीनर) घेऊन तीन मजल्यांचे जिने चढल्यावर क्लीनर स्वतःच जॅकेट काढून ठेवते, हे कुणीही पाहिलं असेल. इथल्या सरकारी संहितेलाही हे मान्य आहे. १९९२ च्या कामाच्या ठिकाणांविषयीच्या नियमांबरोबर जी मार्गदर्शक संहिता आहे, तिच्यात साधारण कामासाठी किमान १६ अंश आणि जोरकस अंगमेहनतीच्या कामासाठी किमान १३ अंश सांगितले आहेत. पण मेहनतीचा मुद्दा काढणाऱ्यांनी हा आकडा शेवटपर्यंत वाचावा. मेहनत करणाऱ्याला ऊब नको, असं ती संहिता म्हणत नाही. तिथेही किमान मर्यादा आहेच. शिवाय सफाईचे दोन तास म्हणजे सलग दोन तास जिना चढणं नव्हे. अर्धा तास इस्त्री असते, एका जागी उभं राहून. सिंक असतं, कपाटाची दारं असतात, खिडक्यांच्या काचा असतात. जिन्यावर आलेला घाम इस्त्रीच्या टेबलापाशी अंगावर गार होतो. जो माणूस ऊब नाकारताना मेहनतीचा दाखला देतो, त्याला माझा साधा प्रश्न आहे: तुमच्या घरात अकरा वाजता १३ अंश तरी असतात का? पाहिलंय कधी?

दुसरा मुद्दा अधिक हुशारीचा. ती स्वतंत्र व्यावसायिक आहे, नोकर नव्हे. तिला पटत नसेल तर तिने घर सोडावं. बागकाम करणारा माळी काय ऊन मागतो? खरं आहे, इथल्या बऱ्याच क्लीनर स्वतःच्या नावावर काम करतात, स्वतःचा कर भरतात, स्वतःचे दर ठरवतात. पण मग अटीही त्यांनीच ठरवायला नकोत का? प्लंबर आल्याआल्या नुसतं येण्याचे पैसे लावतो, पार्किंगची सोय विचारतो, सिंकखालचं कपाट रिकामं करून ठेवा म्हणून आधी फोनवर सांगतो. त्याला कुणी आगाऊ म्हणत नाही, ‘फार बिझी असतो हो’ असं आपण कौतुकाने म्हणतो. क्लीनरच्या बाबतीत मात्र आपण दोन्हीकडून खातो. तिने आजारपणाची सुट्टी मागितली की ती स्वतंत्र व्यावसायिक, आणि हीटिंग मागितलं की ती पायरी सोडून बोलणारी मोलकरीण. माळ्याची गोष्ट तर इथे लागूच होत नाही. आभाळाला थर्मोस्टॅट नसतो, तुमच्या भिंतीवर आहे.

खिडक्यांचा मुद्दा चटकन उरकते. बाथरूममध्ये ब्लीच वापरताना खिडकी उघडावीच लागते, मग ऊब बाहेर घालवायची का? नाही. बाथरूमचं दार लावून घ्यायचं, खिडकी दहा-पंधरा मिनिटं उघडायची. चांगल्या क्लीनर हेच करतात.

तिसरा मुद्दा मात्र असा की त्यापुढे मान तुकवावी लागते. एकट्या राहणाऱ्या, ऐंशीच्या घरातल्या बाई. गुडघ्यांमुळे वाकता येत नाही म्हणून क्लीनर ठेवलेली. ती चैन नाही, गरज आहे. पेन्शन ठरलेली. २०२१ च्या ऑक्टोबरात ऑफजेम या ऊर्जा नियामक संस्थेच्या दरमर्यादेनुसार साधारण घराचं वर्षाचं गॅस-विजेचं बिल १,२७७ पाउंड होतं; पुढच्या ऑक्टोबरात सरकारने मधे पडून दर रोखले तरी ते २,५०० वर गेलं. २०२४ मध्ये सरकारने बहुतेक पेन्शनरांचा हिवाळी इंधनभत्ता काढून घेतला आणि ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी बहुतेकांना परत दिला. त्या मधल्या हिवाळ्यात कितीतरी म्हातारी माणसं एकच खोली गरम ठेवून, पांघरुणात बसून राहिली. त्यांच्या घरी जाऊन क्लीनरने ‘मला अठरा अंश हवेत’ म्हणायचं? जी स्वतः गारठते तिने दुसरीसाठी घर तापवायचं?

नाही, तसं म्हणायचं नाही. पण याचं कारण ‘घर तिचं आहे’ हे नव्हे. कारण हे की तिथे थंडी दोघींच्या वाट्याला सारखी आली आहे. आजीबाई ज्या खोलीत बसतात ती गरम असते. क्लीनरने तिथे इस्त्री करावी, मधे दहा मिनिटं टेकावं, किटलीतलं पाणी बादलीत घ्यावं. अशा घरी क्लीनर सहसा तक्रार करतही नाहीत, उलट त्याच आजींना ‘हीटर लावून बसा’ म्हणून सांगतात. माझी कसोटी इथूनच येते: तुम्ही स्वतः ज्या थंडीत दोन तास बसणार नाही, त्या थंडीत दुसऱ्याला दोन तास कामाला लावू नका. आजीबाई या कसोटीला उतरतात. संध्याकाळी पाच वाजता ॲपवरून घर २० अंशांवर नेऊन ठेवणारं, दोन पगारांचं जोडपं उतरत नाही. वाद झाला की हे जोडपं आजीबाईंना पुढे करतं, हीच तर गंमत आहे. ज्यांना परवडत नाही त्यांची अडचण ही ज्यांना परवडतं त्यांची ढाल कशी काय होते?

आणि परवडणं म्हणजे नेमकं किती? दोन तासांत मध्यम आकाराच्या घराचा बॉयलर पंधरा-वीस युनिट गॅस जाळेल. गेल्या एक-दोन वर्षांत गॅसचा दर युनिटला सहा-सात पेन्सच्या आसपास राहिला आहे. हिशेब एक ते दीड पाउंडाच्या आत येतो. घर विजेवर तापत असेल, तर काम चाललंय त्या खोलीत दोन किलोवॅटचा हीटर दोन तास लावला तरी पाउंडभरच. स्टेशनवरच्या कॉफीला याहून जास्त पडतात. मी हे टोचायला लिहीत नाही. आपण ज्याला पैशांचा प्रश्न म्हणतो तो बहुतेक घरांत पैशांचा नसतो, एवढंच दाखवायला लिहिते. तो ‘तिच्यासाठी का?’ असा प्रश्न असतो.

कारण माणूस नसतानाही घरं तापवली जातात. ख्रिसमसला दोन आठवडे भारतात जाताना आपण हीटिंग पूर्ण बंद करत नाही. पाइप गोठून फुटू नयेत म्हणून कमी आकड्यावर ठेवून जातो. मांजर आहे म्हणून दुपारी रेडिएटर चालू ठेवणारी घरं मला माहीत आहेत, आणि मांजराबद्दल माझी तक्रार नाही. पण पाइपाची काळजी, मांजराची काळजी, कुंडीतल्या कढीलिंबाची तर फारच काळजी (इथे तो जगवणं हे एक व्रतच आहे), आणि चालत्या-बोलत्या बाईला मात्र ‘कामाने ऊब येते’ असं सांगायचं? ही वृत्ती नवी नाही. एकोणिसाव्या शतकात लँकेशायरच्या कापड गिरण्यांत हवा मुद्दाम गरम आणि दमट ठेवत, त्यासाठी विणकामाच्या खात्यात वाफ सोडत. विणकरांच्या सुखासाठी नव्हे, सूत तुटू नये म्हणून. माणसं भिजल्या कपड्यांनी काम करत आणि तशीच बाहेरच्या थंडीत जात. शेवटी १८८९ मध्ये कायदा करून त्या दमटपणाला मर्यादा घालावी लागली. आपल्या गिरणगावातल्या खात्यांतही हवा सुताच्या सोयीने राखली जायची, माणसाच्या नाही. ज्यांचे आजोबा गिरणीत होते त्यांना हे सांगायला नको. ज्या वस्तूची मालकी आपली, तिच्यासाठी तापमान आपल्याला लगेच कळतं.

मग कायदा क्लीनरच्या मदतीला का येत नाही? कायद्याने ब्रिटनमध्ये बरंच केलं, पण घराच्या दाराशी येऊन थांबला. १८९९ मध्ये इथे दुकानात काम करणाऱ्या मुलींना बसायला जागा दिली पाहिजे, असा कायदा झाला. (आपल्याकडे केरळात २०१८ मध्ये आणि तमिळनाडूत २०२१ मध्ये कापडदुकानांतल्या बायकांना हाच बसण्याचा हक्क कायद्याने मिळाला, तिथेही ‘बसली तर गिऱ्हाइकाला काय वाटेल’ हाच आक्षेप होता.) १९६३ मध्ये कचेऱ्या, दुकानं आणि रेल्वेच्या इमारतींसाठी आणखी एक कायदा आला. पहिल्या तासानंतर १६ अंशांखालचं तापमान वाजवी समजलं जाणार नाही, असं त्यात म्हटलं होतं. ‘पहिल्या तासानंतर’ या सवलतीचं कारण उघड आहे: सकाळी शेगडी पेटवायची, मग हळूहळू खोली तापते, तेवढा वेळ द्यायला हवा. कचेरीतल्या कारकुनाला दिवसात असा एकच तास सोसावा लागे. क्लीनर दिवसाला तीन घरं करते, प्रत्येक घरी दोन तास. बारा अंशांच्या घरात तिच्या येण्याबरोबर हीटिंग चालू केलं, तर घर धड तापतं तेव्हा ती डबा-बादली आवरून पुढच्या घराची बस पकडायला निघालेली असते. तिथे पुन्हा पहिला तास. तिच्या सगळ्या दिवसभरात पहिले तासच जास्त भरतात. म्हणून ‘आलीस की लाव’ यापेक्षा ‘येण्याआधी अर्धा तास लावून ठेवते’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि मग ते दार. १९७४ च्या आरोग्य आणि सुरक्षा कायद्याच्या ५१ व्या कलमाने खासगी घरातल्या घरगुती नोकरांना त्यातल्या कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेविषयीच्या भागातून वगळलं. १९९२ च्या नियमांनी ‘कामाचं ठिकाण’ या व्याख्येतून राहती घरं वगळली. क्लीनर एखाद्या एजन्सीची नोकर असेल तर एजन्सीवर थोडी जबाबदारी येते. पण १६ आणि १३ हे आकडे तुमच्या-माझ्या घराला लागू नाहीत. वगळण्यामागचा युक्तिवाद मला समजतो. सरकारी निरीक्षकाने लोकांच्या झोपायच्या खोल्यांत थर्मामीटर घेऊन फिरावं, असं कुणालाच वाटत नाही, मलाही नाही. पण निरीक्षक घरात येणार नाही याचा अर्थ घर हे कामाचं ठिकाणच नाही असा कसा होईल? या एका बाबतीत आपला देश ब्रिटनच्या पुढे आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा भारताचा २०१३ चा कायदा राहत्या घरालाही कामाचं ठिकाण मानतो आणि घरकामगार बाईचा त्यात नाव घेऊन समावेश करतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला. सुरक्षित आणि आरोग्याला धरून असलेली कामाची जागा हा त्यांचा हक्क आहे, असं तो सांगतो. त्या मतदानात ब्रिटन तटस्थ राहिला. भारताने बाजूने मत दिलं, पण पुढे करार मंजूर करायचं मात्र राहूनच गेलं आहे, त्यामुळे फार फुशारकी मारायचं कारण नाही.

फुशारकी मारू नये याचं आणखी एक कारण आपल्या घरांत आहे. केर काढताना पंखा बंद करतात, ते बरोबरच. नाहीतर धूळ घरभर उडते. पण मे महिन्यात पुण्या-नागपुरात बाईचा केर काढून झाला, फरशी पुसायला ती खाली बसली, तरी पंखा बंदच. पुसून ती पुढच्या खोलीत गेली की मग मागच्या खोलीत पंखा लागतो. कशासाठी? फरशी वाळावी म्हणून. डिसेंबरात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी बोटं बधिर करतं, सोलरचं गरम पाणी बाथरूमपर्यंत आलेलं असतं, स्वयंपाकघरातल्या नळाला ते नसतं. ‘वहिनी, जरा कोमट पाणी द्याल?’ असं मावशींनी विचारलं तर आपण देतो, आणि दिल्याचं समाधानही वाटतं. त्यांना दर वेळी मागावं लागतं, याचं काही वाटत नाही. हीच सवय आपण सामानाबरोबर इकडे आणली. सगळा दोष आपल्यावर घेण्याचंही कारण नाही म्हणा. इंग्रजांना ही सवय आपण शिकवलेली नाही, त्यांची स्वतःची परंपरा भरपूर जुनी आहे.

मागून मिळणं आणि ठरलेलं असणं यातला फरक मराठी माणसाला नव्याने समजावायला नको. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली, आणि १८९० च्या जूनपासून रविवार सुटीचा झाला. त्याआधी कुणाही कामगाराला सुट्टी मिळतच नसेल असं नाही. भला मुकादम असेल, घरी काही अडलं असेल, तर मिळत असेल. पण ती मुकादमाच्या मर्जीची. आज रविवारी घरी बसताना आपण कुणाचे आभार मानत नाही, आणि तेच बरोबर आहे. पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींनी संप केला तेव्हा त्यांच्या मागण्यांत पगारवाढीबरोबर सुट्टीही होती, आणि त्या वेळीही ‘आम्ही काय सणाला साडी देत नाही का?’ हा सूर ऐकू आलाच असणार. तो आजही येतो. साडी देणारी आणि सुट्टी नाकारणारी बाई दुष्ट नसते. तिला एवढंच हवं असतं की जे मिळेल ते तिच्या हातून मिळावं.

म्हणून माणुसकीचा पुकारा करणाऱ्या मैत्रिणीशीही माझं भांडण आहे, कंजूष मैत्रिणीइतकंच. तिच्या घरी क्लीनरला ऊब मिळते, चहा मिळतो, दिवाळीचा फराळही मिळतो. पण मैत्रीण सुट्टीवर गेली आणि नवऱ्याने टायमर बदलला की ऊब संपली, कारण ठरलेलं असं काहीच नव्हतं. क्लीनरनेही मग विचारायचं कसं? एका घराचं काम गेलं तर आठवड्याचे दोन तास जातात, आणि चावी परत द्यायला सांगायला कुणाला फार कारण लागत नाही. ज्याला बोलण्याचा काही धोका नाही त्याने आधी बोलावं, हे सरळ आहे. पहिल्या दिवशी चावी आणि अलार्मचा नंबर देतानाच सांगायचं: मंगळवारी साडेनऊला हीटिंग सुरू होईल, तू जाईपर्यंत १८ वर राहील. हा १८ मी मनाने घेतलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये समशीतोष्ण आणि थंड हवेच्या प्रदेशांतल्या घरांसाठी किमान म्हणून हाच सांगितला आहे. तिला जास्त वाटलं तर ती कमी करेल, बटण कुठे आहे तेवढं दाखवून ठेवायचं. ‘लागलं तर लाव हं’ असं म्हणून मात्र भागत नाही. दुसऱ्याच्या बिलाला हात लावायला कुणी धजत नाही. ती जॅकेट घालूनच काम करते, जाताना ‘नाही, ठीक होतं’ म्हणते, आणि आपण समजतो की तिला लागलंच नाही.